पहिल्या दिवसाची फीत

"आजी, हे बाळ कुणाचं रडतंय?"

मी वाटाणे सोलत होते. टेबलावर त्या पुस्तकवाल्या पोरीचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यातून पन्नास वर्षांपूर्वीचं भाषण चाललं होतं. आमच्या रेडिओ केंद्राच्या उद्घाटनाचं, मंत्रिसाहेबांचं. दर वर्धापनदिनाला सकाळी ते वाजतं, सगळ्या गावाला पाठ आहे. त्या भाषणाच्या मधोमध, जरा लांबून, एक मूल तीनदा टाहो फोडतं आणि गप्प होतं. इतक्या वर्षांत त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

ते मूल म्हणजे आमचा थोरला. आता एक्कावन्नावं चालू आहे, डोक्यावर केस शोधावे लागतात आणि अजूनही तसाच तीनदा बोंबलून गप्प होतो. पण हे त्या पोरीला सांगायची सोय नव्हती.

"मंत्र्यांचा नातू असेल," मी म्हटलं आणि किडका दाणा बाजूला टाकला.

पोरीनं ते लगेच वहीत लिहून घेतलं.

ही पोरगी केंद्राचा इतिहास लिहीत होती. पन्नास वर्षं पुरी होत होती म्हणून नव्या साहेबांनी तिला विद्यापीठातून बोलावून आणलं होतं, आणि महिनाभर ती जुन्या माणसांची दारं वाजवत हिंडत होती. माझ्याकडे येणं भागच होतं. केंद्राचं कँटीन मी चौतीस वर्षं चालवलं. कुठल्या निवेदकाचा घसा कशानं बसतो आणि कुणाची बोलती कुणापुढे बंद होते, हे कुठल्याही फायलीत मिळणार नाही, ते माझ्याकडे आहे. शिवाय आमचे हे तिथले रेकॉर्डिंगवाले. केंद्रात सगळे त्यांना रीळमास्तर म्हणायचे. त्या सुरुवातीच्या वर्षातली एकच फीत आज शिल्लक आहे, ती ह्यांनी केलेली आणि ह्यांनीच जपलेली. दोन आठवड्यांनी समारंभ होता. 'पहिल्या दिवसाचा आवाज जपणारे' म्हणून त्यात ह्यांचा सत्कार होता, पुस्तकातलं पहिलं प्रकरणही ह्यांच्यावरच. या गल्लीत आमच्या घराला जो मान आहे तो त्या एका फितीमुळे आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तो मान मला आवडतो. कशाला खोटं बोलू?

दुसऱ्या दिवशी पोरगी परत आली. पायातले बूट काढायच्या आधीच म्हणाली, "आजी, मंत्र्यांचं लग्नच झालं नव्हतं."

"मग बहिणीचा नातू असेल. लग्न न केलेल्या माणसाला बहीण नसते काय?"

"एकुलते एक होते."

"तुला बरी माहिती त्यांच्या घरची!"

तिनं पिशवीतून एक पिवळी पडलेली निमंत्रणपत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. खाली बारीक अक्षरात होतं, कृपया लहान मुलांना आणू नये.

"पत्रिका वाचून मुलं रडायची थांबतात होय गं?" मी म्हटलं. "तुझं लग्न झालं की कळेल."

ती हसली, पण वही मिटली नाही. मग तिनं लॅपटॉपवर मला एक चित्र दाखवलं. आवाजाचं चित्र म्हणे. बारीक बारीक डोंगर, एकाशेजारी एक. "हे टाळ्यांचे आहेत. सभागृहात आठशे माणसं होती, त्या वेळच्या वर्तमानपत्रात छापलंय. मी तीन दिवस बसून टाळ्या वेगवेगळ्या काढल्या, आजी. फार तर अकरा जण आहेत."

"भाषण रटाळ होतं. अकरा म्हणजे पुष्कळ झाले."

"आणि सभागृहात आवाज घुमतो. हा घुमत नाही."

मला तिचा राग येत होता आणि कौतुकही वाटत होतं. माझ्या दोन्ही सुनांनी मिळून इतक्या वर्षांत मला जेवढं अडवलं नसेल तेवढं या काडीएवढ्या पोरीनं दोन दिवसांत अडवलं. मी तिला सरळच विचारलं, "तुला पकडायचंय कुणाला?"

"कुणालाच नाही," ती म्हणाली. "मला नुसतं जाणून घ्यायचंय. झोप येत नाही त्याच्यापायी."

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, तेव्हा ते खरं असणार. मी चहा टाकला. कप हातात घेऊन ती इकडचं तिकडचं बोलायला लागली आणि बोलता बोलता म्हणाली, "काल नगाऱ्यांच्या मुलीकडे गेले होते. त्या नर्स आहेत ना, त्यांच्याकडे."

माझा हात साखरेच्या डब्यात थांबला.

नगारा म्हणजे स्टुडिओच्या दारावरचा शिपाई. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीतच राहिलं. फाटकापाशी उभा राहून त्यानं कुणाला हाक मारली की माझ्या कँटीनमध्ये कपबश्या किणकिणायच्या, असा आवाज. जाऊन अठरा वर्षं झाली. बायको त्याच्या आधीच गेली होती, मागे राहिली ती एकटी मुलगी.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"म्हणाल्या, बाबा तीस वर्षं रेडिओत होते आणि त्यांचा आवाज कुठंच नाही. चेहरा आठवतो, फोटो आहे. पण आवाज आता आठवेनासा झालाय. म्हणाल्या, एखाद्या फितीत मागे कुठं नुसते खोकले असतील तरी मला द्या."

पोरीनं चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि गेली. मी मात्र तिथंच बसले. भाजी करायची राहिली.

काय आहे, त्या फितीत एकच खोट आहे. ती पहिल्या दिवसाची नाही.

केंद्र सुरू झालं ते एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. दोन हात जाड भिंती आणि मध्ये ठासून भरलेला भुसा. बाहेर बँड वाजला तरी आत कळायचं नाही, म्हणून तो घेतला होता. उद्घाटन मात्र मोठ्या सभागृहात झालं. तिथून तारेवरून आवाज कारखान्यात यायचा आणि कारखान्यातून हवेत जायचा. ह्यांच्याकडे एवढंच काम, येणारा आवाज फितीवर उतरवून घ्यायचा. सकाळपासून कानाला हेडफोन लावून बसले होते. मी जेवण घेऊन गेले तर मला हातानंच गप्प केलं. मला!

संध्याकाळी साहेबांनी, म्हणजे केंद्राच्या पहिल्या साहेबांनी, फीत लावायला सांगितली. चाकं फिरली आणि चार घरं पलीकडे कुणी उशीत तोंड खुपसून बोलतंय असा आवाज आला. एक शब्द कळेना. पुढे घेतली, मागे घेतली, तेच. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आठ दिवसांत ही फीत मुख्य कचेरीत जायची आहे."

ह्यांची नोकरी तेव्हा कच्ची होती. मांडीवर सात महिन्यांचं पोर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं. मंत्र्यांच्या भाषणाची टाइप केलेली प्रत होती. प्रश्न आवाजाचा होता. निवेदकांचे आवाज लोक ओळखायला लागणार, तेव्हा ते बाद. साहेबांनी दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "नगाऱ्या, तू वाच."

नगाऱ्यानं निवेदकाच्या जागेसाठी तीनदा अर्ज केला होता. तिन्ही वेळा शिक्षण कमी म्हणून कागद परत आला. आता हा माणूस साहेबांना म्हणतो कसा, "पाच मिनिटं द्या," आणि गेला तो तोंड धुऊन, केस विंचरून, शर्टाचं वरचं बटण लावून आला. बघणार कोण होतं त्याला! पण मायकापुढे असा उभा राहिला की मलाच पदर सावरावासा वाटला. टाळ्यांना माणसं कमी पडली म्हणून मलाही उभं केलं होतं. पोराला कडेवर घेऊन टाळ्या वाजवता येत नाहीत. त्याला खाली सतरंजीवर ठेवलं आणि त्यानं भोकाड पसरलं. मी उचलायला धावले तर साहेबांनी खुणेनं थांबवलं. नंतर म्हणाले, "राहू दे. सभेत एखादं मूल रडतंच. खरं वाटेल."

मग त्यांनी दार लावून आम्हा सगळ्यांकडून वचन घेतलं. बाहेर एक अक्षर जाता कामा नये.

गेलं नाही. त्या अकरांतले नऊ आता नाहीत, आम्ही दोघंच उरलोय. नगारा दर वर्धापनदिनाला दारावर उभा राहून ते भाषण ऐकायचा. संपलं की कँटीनच्या खिडकीशी येऊन मला म्हणायचा, "वहिनी, मंत्रिसाहेब बरं बोलले आज." तीस वर्षं तोच एक विनोद. मी हसायचे आणि त्याला चहात साखर जास्त घालायचे.

हे मागच्या पडवीत बसतात. शेजारपाजारचे बंद पडलेले मिक्सर, इस्त्र्या, रेडिओ सगळे तिथं येऊन पडलेले असतात, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे ते उघडून बसतात. मी जाऊन पायरीवर बसले.

"ती पोरगी टाळ्या मोजतेय," मी म्हटलं.

"किती आल्या?"

"अकरा."

"बरोबर मोजल्या," हे म्हणाले आणि स्क्रू फिरवत राहिले.

मग मी नगाऱ्याच्या मुलीचं सांगितलं. खोकले असतील तरी द्या, हेही सांगितलं. हातातला स्क्रूड्रायव्हर ह्यांनी खाली ठेवला. पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडपत होतं.

"तेव्हा झालं काय होतं नक्की?" मी विचारलं. पन्नास वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. शेजारीण बाजारातून येताना दिसली तर पिशवीत काय आहे ते विचारल्याशिवाय मी तिला पुढे जाऊ देत नाही, पण हे नाही विचारलं.

"फितीला दोन बाजू असतात," हे म्हणाले. "एक चकचकीत, एक मंद. आवाज धरते ती मंद बाजू. घाईत मी उलटी लावली."

"एवढं ऐकत बसला होतात दिवसभर! कळलं नाही?"

"ऐकायच्या दोन वाटा होत्या. खटका इकडे केला की सभागृहातून येणारा आवाज, तिकडे केला की फितीवर उतरलेला. मधनंमधनं तो दुसरा ऐकून बघायचा असतो. मी दिवसभर पहिलाच ऐकला."

"पण का?"

"इतका छान येत होता गं."

मी त्यांच्या गुडघ्यावरचं तारेचं भेंडोळं उगाच उचलून बाजूला ठेवलं.

"सांगून टाकू," ते म्हणाले. "पण मला जमायचं नाही. मी बोलायला लागलो की माझे हात थरथरतात. तू सांग."

आता मात्र मी भडकले. "वा! पन्नास वर्षं हे तोंड मी तुमच्यासाठी बंद ठेवलं. माझं तोंड! आणि आता सत्कार बारा-तेरा दिवसांवर आला, तर मीच जाऊन सांगू की माझ्या नवऱ्यानं फीत उलटी लावली आणि वर खोटी केली? ही गल्ली काय म्हणेल? तुमचे व्याही काय म्हणतील? ती पोरगी जाईल पुस्तक छापून, राहायचंय आपल्याला इथं."

"बरोबर आहे," हे म्हणाले. माणूस भांडत नाही हा त्याचा सगळ्यात मोठा दोष.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचं, आपटायचं, उचलायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले तर दवाखान्याच्या फाटकात ती नर्स दिसली. कुणा म्हातारीला हाताला धरून रिक्षात बसवत होती आणि तिच्या कानाशी वाकून, सावकाश, काहीतरी परत परत सांगत होती. मला बघून लांबूनच हात केला. मीही केला. आणि भाजी न घेताच घरी येऊन पोरीला फोन लावला.

ती धावतच आली. मी सगळं सांगितलं, उशीतल्या आवाजापासून सतरंजीवरच्या पोरापर्यंत. तिचं पेन वहीवर तसंच उभं.

"लिही की," मी म्हटलं. "नातवाचं तर कसं पटकन लिहून घेतलंस!"

"आजी, आजोबांचं प्रकरण..."

"ते मला माहीत आहे. तू ऐक. निष्काळजीपणा, फसवणूक असले शब्द घालायचे नाहीत. फीत उलटी लागली, दुसऱ्या दिवशी परत केली, नगाऱ्यानं वाचलं. जे झालं तेवढंच लिही. त्याला काय म्हणायचं ते वाचणारे ठरवतील. आणि पुस्तकाच्या आधी ते नगाऱ्याच्या मुलीच्या कानावर गेलं पाहिजे. इथं, माझ्या घरी."

पोरीनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "आजी, तुमच्या टाळ्या कुठल्या?"

"सगळ्यात मोठ्या," मी म्हटलं.

पोरीला हे नव्या साहेबांना सांगणं भागच होतं; दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज असा मऊ की पहिल्या वाक्यातच मला काय ते कळलं. "काकू, वरिष्ठांशी बोलावं लागेल. तोपर्यंत काकांचं नाव पत्रिकेत घालता येणार नाही. गैरसमज नसावा."

"गैरसमज कसला? स्वच्छ समजलं," मी म्हटलं. "मग त्या भाषणाखाली मंत्र्यांचंही नाव छापू नका. त्या फितीत ते नव्हतेच."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. हे दारात उभे होते. "नाही म्हणाले का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "बरं," ते म्हणाले आणि पडवीत निघून गेले. त्या दिवशी त्यांनी एकही मिक्सर उघडला नाही.

शनिवारी दुपारी नर्स ड्युटी संपवून तशीच आली. पांढरे कपडे, खिशाला घड्याळ. खुर्चीच्या कडेवर बसली, परीक्षेला बसावं तशी. पोरीनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मला फार बोलावं लागलं नाही, आणि ते बरंच झालं. तिच्या कानांना हेडफोन लावले, भाषण सुरू केलं.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. एक मिनिट गेलं. दोन गेली. त्या तोंडावर काहीही हललं नाही. शेवटी तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"काकू, हे बाबा नाहीत."

"अगं, मी समोर उभी होते तेव्हा!"

"तुम्ही खोटं बोलताय असं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "पण बाबा असं नव्हते बोलत. हा कुणीतरी मोठा माणूस आहे."

माझ्या मनात आलं, सत्कार गेला, नाव गेलं, आणि या पोरीच्या हाताला काहीच लागलं नाही. कशासाठी केलं मग हे सगळं? नगाऱ्याला मंत्र्यासारखं बोलायला सांगितलं होतं आणि त्यानं ते चोख केलं. त्याच्या पोटच्या मुलीलाही तो सापडेना इतकं चोख.

तेवढ्यात हे पडवीतून आत आले. हात फडक्याला पुसत होते. कुणाकडे न बघता पोरीला म्हणाले, "भाषण तीन पानांचं होतं. पहिलं पान संपतं तिथं लाव. आवाज वाढव. सगळ्यांना ऐकू दे."

पोरीनं तिथं लावलं. मंत्रिसाहेबांचं मोठं वाक्य संपलं. मग कागद सरकला. आणि त्या सरकण्याआधी, घशातल्या घशात, अगदी बारीक, कुणीतरी म्हणालं, "हं."

नर्सचा हात वर आला आणि तसाच राहिला.

"परत लावा."

परत लावलं. हं. कागद.

"पेपर वाचताना," ती म्हणाली. "रोज सकाळी. प्रत्येक पान उलटताना करायचे. आई वैतागायची, म्हणायची, कुणाला होकार देताय एवढा?" ती हसली, आणि हसता हसता तिनं तोंडावर दोन्ही हात धरले. "काका, दुसरं पानही असेल ना?"

"आहे," हे म्हणाले. "पण दुसऱ्याच्या वेळी टाळ्या आल्यात. हेच स्वच्छ आहे."

तिनं ते सात-आठ वेळा ऐकलं. मग खिशातून फोन काढून पोरीपुढे ठेवला. "मला भाषण नको. एवढंच द्याल का यात?"

पोरीनं लॅपटॉपवर ते डोंगरांचं चित्र उघडलं आणि कापायची उभी रेघ त्या एवढ्याशा टेकडीला चिकटवून ठेवली.

"इथून नको," हे म्हणाले.

त्यांनी खुर्ची ओढून घेतली, चष्मा पुसला आणि पडद्याच्या अगदी जवळ वाकले. बोट पुढे केलं. मी बघितलं, ते थरथरत नव्हतं.

"जरा मागे घे. अजून. हे बघ, इथं त्यानं श्वास घेतलाय. तो नाही कापायचा."

पोरीनं रेघ मागे घेतली.

"आणि नंतरही थोडी जागा ठेव," हे म्हणाले. "पान उलटू दे त्याला."